बुंदला जीप सफारी: पक्षी बघायचे असतील तर हिलाच नंबर द्या

श्रीलंकेतल्या तिस्सामहारामा गावाहून पहाटे निघणारी, बुंदला राष्ट्रीय उद्यानाची अर्ध्या दिवसाची सफारी घेतली. बुंदला सोडून जवळपास सगळे पर्यटक बिबट्यासाठी ‘याला’ राष्ट्रीय उद्यानात जातात, त्यामुळे बुंदलाला जीपची गर्दी नव्हती. श्रीलंकेतली ही पहिली रामसर (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली) पाणथळ जागा. बुंदला, एम्बिलिकला, मलला, कोहोलंकला अशी खाजणं, पलीकडे वाळूच्या टेकड्या आणि लगेच समुद्र.

आमचा चालक म्हणजे खरा पक्षीवेडा. न सांगता इंजिन बंद करायचा, हे मला फार आवडलं. एका ठिकाणी चमचे पक्षी उथळ पाण्यात चोच अर्धवट उघडी ठेवून डावी-उजवीकडे फिरवत होते. काही लागलं की मान झटकन वर आणि घास गट्ट. शेजारी शेकाटे, चित्रबलाक, आणि कडेच्या चिखलात टिलव्यांची नुसती पळापळ.

रोहित पक्ष्यांची आशा धरून जाऊ नका. पूर्वी इथे त्यांचे मोठे थवे यायचे, पण वरच्या शेतीचं कालव्याचं पाणी मलला आणि एम्बिलिकलात उतरून खारेपणा घटला आणि त्यांचं खाद्यही. वाईट वाटतं हो.

तक्रार एकच: बुकिंग घेणाऱ्याने दुर्बीण देतो म्हणून सांगितलं, ती भिंगाला बुरशी आलेली निघाली. स्वतःची न्या. सप्टेंबर ते मार्च स्थलांतरित पक्षी असतात, तेव्हाच जा, आणि चालक पक्षी ओळखणाराच हवा असं आधी ठासून सांगा.