लीकची रोपं खोल कुंडीत वाढवून लावणं: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लीकची रोपं आधी कुंडीत वाढवायची आणि नंतर वाफ्यात लावायची, ही पद्धत मी बी पेरण्यापासून दांडे काढेपर्यंत पूर्ण वापरून पाहिली आहे. त्याच पाकिटातलं थोडं बी उथळ प्रो-ट्रेमध्ये (छोट्या कप्प्यांच्या प्लॅस्टिक ट्रेमध्ये) आणि थोडं थेट वाफ्यात टाकलं होतं, त्यामुळे तिन्ही शेजारी शेजारी बघता आलं. माझा कौल कुंडीला आहे आणि तोही खोल कुंडीला. तोंड किती रुंद याने फारसं बिघडत नाही, खोली मात्र किमान 18 ते 20 सेंटिमीटर हवी. पुढचं बरंचसं या एका मापावर अवलंबून आहे.

लीक कांदा-लसणाच्या गोतावळ्यातलंच, पण त्याला कांद्यासारखा गड्डा धरत नाही. ज्या पांढऱ्या भागासाठी आपण ते लावतो, तो भाग म्हणजे पातींची एकात एक घट्ट गुंडाळलेली बुडं. खरं खोड मुळांच्या लगेच वर असलेली एक पातळ चकती, बस्स. ती बुडं पांढरी राहतात कारण तिथे उजेड पोहोचत नाही. म्हणजे रोप जितकं खोल लावाल तितका पांढरा दांडा लांब मिळणार. आता 15 सेंटिमीटर खोल भोकात रोप सोडायचं आणि त्याचे शेंडे वर दिसायला हवेत, तर रोप निदान 20 सेंटिमीटर उंच पाहिजे. तेवढं व्हायला लीकला 8 ते 12 आठवडे लागतात. टोमॅटो-वांग्याच्या रोपांपेक्षा हा काळ बराच मोठा आहे आणि एवढे दिवस उथळ कप्प्यात काढणं लीकला झेपत नाही.

ट्रेमधली रोपं पहिले काही आठवडे कुंडीतल्यांच्या बरोबरीनेच चालली होती. मग मुळं कप्प्याच्या तळाला टेकली, तिथेच वळली आणि पातींचे शेंडे पिवळे पडू लागले. कप्पा एवढासा, सकाळी पाणी दिलं तरी दुपारपर्यंत कोरडा. कुंडीतल्या रोपांची मुळं मात्र सरळ खाली जात राहिली. लीकची मुळं पांढरी, दोऱ्यासारखी, फारशी फांद्या न फुटणारी असतात. त्यांना आडव्या पसाऱ्यापेक्षा खाली जायला वाव लागतो आणि म्हणूनच दाटीवाटीने वाढलेली रोपंही एकमेकांना फार त्रास देत नाहीत. 20 सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीत 40 रोपं आरामात होतात.

बियांबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. या कुळातलं बी लवकर म्हातारं होतं. पहिल्या वर्षी छान उगवतं, दुसऱ्या वर्षी बऱ्यापैकी, त्यानंतर त्यावर भरवसा ठेवू नये. एका विक्रेत्याकडून आलेल्या पाकिटावर पॅकिंगची तारीखच नव्हती आणि त्यातलं जेमतेम अर्धं उगवलं. तारीख नसलेलं पाकीट घेऊच नका. शंका असेल तर आधी ओल्या कागदात थोड्या बिया गुंडाळून ठेवा आणि किती मोड येतात ते बघा. एका ग्रॅममध्ये साधारण 350 ते 400 बिया असतात, तेव्हा चाचणीपुरत्या गेल्या तर बिघडत नाही.

भरण्यासाठी मी चाळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि थोडी जाड वाळू असं मिश्रण वापरते. नुसती बागेतली माती भरली तर ती पाण्याने बसते, वर पापुद्रा धरते आणि बारीक कोंब अडकतात. मातीच्या कुंडीपेक्षा प्लॅस्टिकची मला जास्त सोयीची वाटली, कारण ओल टिकते. तळाची भोकं मात्र मोकळी हवीत. बी साधारण 1 सेंटिमीटर खोल टाकून वरून चाळलेलं मिश्रण भुरभुरायचं आणि बारीक तोंडाच्या झारीने पाणी द्यायचं. हवा 18 ते 24 अंश सेल्सियस असेल तर आठवडा ते दोन आठवड्यांत कोंब दिसतात. थंडीत तीन आठवडेही लागतात. ऊन फार कडक असेल तर कुंडी सावलीत ठेवावी, कारण तापलेल्या मिश्रणात लीकचं बी दडूनच बसतं.

कोंब वर येतो तो सरळ नाही, दुमडून येतो. आधी हिरवी कमान दिसते, तिची दोन्ही टोकं अजून मातीत असतात. एक-दोन दिवसांत एक टोक सुटतं आणि शेंड्यावर बीचं काळं टरफल तसंच लटकत राहतं. ते ओढून काढायचा मोह होतो, पण हात लावू नये. कोंब इतका नाजूक असतो की टरफलाबरोबर सगळा वर येतो. हवेत थोडा दमटपणा असला की ते आपोआप गळतं.

पहिले तीन-चार आठवडे रोपं अगदी गवतासारखी दिसतात आणि वाढतच नाहीत असं वाटतं. याच काळात बहुतेकांचा धीर सुटतो. कोणी खताचा मारा करतं, कोणी दिवसातून तीनदा पाणी घालतं. या अवस्थेत जास्त पाणी सर्वात घातक. मिश्रण सतत चिंब राहिलं की रोपं बुडाशी पाणचट होऊन एका बाजूने कोलमडतात आणि एकदा सुरू झालं की कुंडीतला पट्टाच्या पट्टा आडवा होतो. बारीक काळ्या माश्याही अशाच ओलीवर घोंगावतात, त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. मी कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी चढू देते आणि वरचा थर सुकला की मगच पुन्हा. यात वेळ जातो, पण वरचा थर कोरडा राहतो, आणि तेवढ्याने हे दोन्ही त्रास जवळजवळ थांबले.

उजेडाला पर्याय नाही. खिडकीच्या आतली रोपं लांबुडकी, फिकट होतात आणि लोळतात. शक्यतो उघड्यावर, सकाळचं ऊन मिळेल अशी जागा द्या. साधारण पाच-सहा आठवड्यांनंतर मिश्रणातलं खत संपत आल्याचं पातींचा रंगच सांगतो. तेव्हापासून दर 10-12 दिवसांनी निम्म्या ताकदीचं नत्रयुक्त द्रवखत दिलं की रोपं धरतात आणि मग वाढ डोळ्यांना दिसायला लागते. पाती लोळायला लागल्या की शेंडे कात्रीने छाटावेत असा सल्ला सर्रास दिला जातो. वाढ आतून, बुडातून होत असल्याने छाटल्याने रोप मरत नाही हे खरं, पण पात हेच त्याचं अन्न बनवायचं साधन आहे. उजेड पुरेसा असेल तर छाटायची वेळच येत नाही असं मला दिसलं. लागवडीच्या वेळीही मी शेंडे छाटत नाही. मुळं फारच लांब असून भोकात वर वळत असतील तर तेवढी थोडी कापते.

लागवडीचा दिवस हा या पद्धतीतला सर्वात सुखाचा भाग. आधी आठवडाभर रोपं उघड्या हवेत ठेवून, पाणी थोडं कमी करून काटक करून घ्यायची. मग कुंडीला भरपूर पाणी देऊन ती आडवी करायची आणि तळावर थाप मारायची, म्हणजे अख्खा गठ्ठा एकसंध बाहेर येतो. तो बादलीभर पाण्यात बुडवून हलवला की मिश्रण खाली बसतं आणि मुळं आपोआप सुटतात. हाताने ओढाताण करावी लागत नाही. एकेक रोप उचलून बघावं. बुडाशी पेन्सिलीएवढं जाड असेल तर उत्तम, निम्मं असेल तरी चालतं. दोऱ्याएवढी बारीक रोपं बाजूला काढा, ती मागेच राहतात.

वाफ्यात जाड दांडक्याने 15 ते 20 सेंटिमीटर खोल आणि रोपापेक्षा बरंच रुंद भोक पाडायचं. दोन रोपांत 15 सेंटिमीटर, दोन ओळींत 30. आदल्या दिवशी वाफा भिजवून वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की भोकाच्या कडा ढासळत नाहीत. रोप आत सोडायचं, मुळं तळाला टेकली की झारीने भोक पाण्याने भरायचं, आणि माती मुळीच लोटायची नाही. नवख्या माणसाचा हात इथे हमखास माती दाबायला जातो. पण पाण्याबरोबर तेवढीशी माती मुळांवर बसते आणि ती पुरते. उरलेलं भोक पुढे पाण्याने आणि खुरपणीने हळूहळू बुजतं, तोवर दांड्याला जाड व्हायला मोकळी जागा मिळते. माती दाबली तर दांडा आवळला जातो आणि पातींच्या बेचक्यात शिरलेली बारीक माती शेवटपर्यंत निघत नाही. पाती जिथे फाकतात ती जागा जमिनीच्या वरच राहील असं बघा.

तीन-चार दिवसांनी आंबवणीचं, म्हणजे लागवडीनंतरचं दुसरं, पाणी दिलं. रोपं आठवडाभर मलूल दिसली, नंतर मधून नवी पात सरळ वर आली. थेट वाफ्यात पेरलेल्या लीकची अवस्था या वेळी काय होती? तण कुठलं आणि लीक कुठलं हे ओळखता येत नव्हतं. खुरपताना निम्मी रोपं तणाबरोबर गेली. उरलेल्यांना नंतर भर दिली, म्हणजे बुडाशी माती चढवली, तरी पांढरा भाग कुंडीतल्या रोपांच्या निम्म्यावरच थांबला. ट्रेमधली रोपं आखूड असल्याने खोल लावताच आली नाहीत. ती जगली, जाडही झाली, पण दांडे बुटके.

वाणाचाही फरक पडतो. किंग रिचर्ड हे हळवं वाण लांब, सडपातळ दांडा देतं आणि लवकर तयार होतं. मसलबर्ग गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं, आखूड आणि जाड, थंडीत टिकणारं. खोल लावायचा पुरेपूर फायदा मला किंग रिचर्डमध्ये दिसला. रोपं मोठी झाल्यावर बरेच दिवस कडक थंडीत राहिली तर डेंगळे येतात आणि दांड्याच्या मधोमध टणक फूलदांडा तयार होतो. असं रोप दिसलं की वाट न बघता उपटून वापरावं.

पद्धतीच्या उण्या बाजूही आहेत. रोपं सुटी करणं आणि एकेक भोकात सोडणं यात अख्खी सकाळ जाते. दांड्याच्या लांबीची फार फिकीर नसेल तर कप्प्यात चार-पाच बिया टाकून तो झुपका तसाच 20-25 सेंटिमीटर अंतरावर लावणं कितीतरी सोपं. दांडे बारीक मिळतात, पण संख्येने भरपूर. शिवाय कुंडीमुळे पुढची कीड टळत नाही. कोरड्या हवेत फुलकिडे पातींवर चंदेरी ओरखडे काढतात आणि दमट, गार दिवसांत तांबेरा हा बुरशीचा रोग येतो. रोपं लांब अंतरावर लावणं आणि तांबेरा धरलेल्या पाती वेळीच काढून टाकणं एवढंच मी केलं आणि तेवढ्यावर निभावलं.

शेवटचा एक फायदा लागवडीनंतर लक्षात येतो. कुंडीतली सगळी रोपं एकदम संपवू नका, दहा-बारा तशीच राहू द्या. पहिल्या पंधरवड्यात काही रोपं अळी खाते, काही पाणी साचून कुजतात. त्या नांग्या, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागा, भरायला त्याच वयाची, तितकीच उंच रोपं हाताशी असतात, आणि वाफ्यात नंतर कुठली आधीची आणि कुठली मागून लावलेली हे ओळखू येत नाही.