पॅरिशच्या बसने मार्च फॉर लाइफ: जरूर जा, पण परतीचा प्रवास सुधारायला हवा

दर जानेवारीत न्यू जर्सीतल्या आमच्या भागातल्या एका पॅरिशची, म्हणजे चर्चची, बस वॉशिंग्टनला मार्च फॉर लाइफ या गर्भपातविरोधी मोर्च्यासाठी जाते. वसईकडच्या बऱ्याच जणांनी विचारलं की जावं का, पोरं घेऊन जमतं का, म्हणून सविस्तर लिहितेय. सरळ सांगायचं तर जा. ५० डॉलरात जाणं-येणं होतं आणि वर बसमधलं बोलणं ऐकायला मिळतं, मला तर मोर्च्यापेक्षा तेच जास्त मोलाचं वाटलं.

आधी सोयींचं सांगते. पहाटे मिस्सा होते आणि लगेच बस सुटते, हिटर चांगला चालतो, मागे टॉयलेट आहे पण दुपारनंतर तिकडे न गेलेलं बरं. खायला काहीच देत नाहीत, डबा घेऊनच निघा, आमच्याकडे फुगे आणि इंदेल होतं ते शेजारच्या सीटवाल्यांनीही खाल्लं. वॉशिंग्टनात बस लांब उभी करतात, तिथून मेट्रो, आणि थंडी हाडं गोठवणारी, तेव्हा पोरांना दुहेरी मोजे घालाच.

आता बसमधलं. रोझरी झाली की पॅरिशमधल्या एक वयस्कर बाई माईक घेतात, तरुणपणापासून या चळवळीत आहेत. मला वाटलं डोळ्यांत पाणी आणणारं काहीतरी बोलतील, पण त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक झेरॉक्स दिली, त्यावर पेनाने गोल केलेले दोनच आकडे, ४९ आणि ५०, आणि पुढचा अख्खा तास त्या दोन आकड्यांवर बोलल्या.

गोष्ट अशी आहे की २२ जानेवारी १९७३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा रो विरुद्ध वेडचा निकाल आला, गर्भपात देशभर घटनात्मक हक्क ठरला, पुढच्याच वर्षी नेली ग्रे यांनी हा मोर्चा सुरू केला आणि १९७५ ला अमेरिकन बिशपांनी चक्क मतदारसंघापर्यंत पोचणारा आराखडा काढला, ध्येय होतं घटनादुरुस्ती. पण कुठली घटनादुरुस्ती? यावरच आपापसात जुंपली. नेली ग्रेंसारखे लोक म्हणत की गर्भधारणेपासून पूर्ण संरक्षण आणि तेही देशभर, त्याखाली एक पायरी उतरायचं नाही. दुसरे म्हणत की आधी कायदा करायचा हक्क तरी परत मिळवू. सिनेटर हॅच यांनी १९८१ ला तशी दुरुस्ती आणली, बिशपांनी पाठिंबा दिला, तर आपल्यातल्याच कडव्या लोकांनी बिशपांवर तडजोडीचा आरोप केला. शेवटी २८ जून १९८३ ला सिनेटमध्ये तिच्या बदललेल्या मसुद्यावर मतदान झालं, बाजूने ४९, विरोधात ५०, आणि पाहिजे होती ६७. तेलही गेलं, तूपही गेलं. घटनादुरुस्ती त्यानंतर कधी त्याच्या जवळपासही पोचली नाही.

याउलट इलिनॉयचे कॅथलिक काँग्रेसमन हेन्री हाइड यांनी १९७६ ला फक्त एवढंच मागितलं की गर्भपातासाठी केंद्राचा पैसा नको. ते मिळालं आणि आजही दरवर्षी बजेटच्या कायद्यात घातलं जातं. बाई म्हणाल्या की हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारे आपल्यात खूप होते (त्यांच्या इंग्रजीचा अर्थ मी आपल्या भाषेत सांगतेय). मला हे शंभर टक्के पटलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९९५ च्या एव्हांजेलियुम विते या पत्रात, ७३ व्या परिच्छेदात, हा मार्ग मोकळा ठेवलाय, म्हणजे ज्या लोकप्रतिनिधीचा गर्भपाताला पूर्ण विरोध सगळ्यांना माहीत आहे तो, कायदा रद्द करता येत नसेल तर निदान नुकसान कमी करणाऱ्या कायद्याला मत देऊ शकतो. तरी अजून लोक एकमेकांना गद्दार म्हणतात, ते ऐकून जीव तुटतो.

पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर बॉब केसी यांच्याबद्दलही ऐकलं. डेमोक्रॅट, कॅथलिक आणि ठाम प्रो-लाइफ, म्हणजे गर्भपाताच्या विरोधात. १९९२ च्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांना बोलूच दिलं नाही. माझ्या मते चळवळ एकाच पक्षाच्या दावणीला बांधली जाण्यात या घटनेचाही हात आहे, आणि ते बांधलं जाणं फार महाग पडलंय. कार्डिनल बर्नार्डिन यांनी १९८३ मध्येच फोर्डम विद्यापीठात सांगितलं होतं की गर्भातलं बाळ, फाशी, अणुयुद्ध सगळीकडे जीवनाचा एकच विचार धरा. त्यांच्यावर टीका झाली की यामुळे गर्भपाताचा मुद्दा पातळ होतो. टीकेत तथ्य नव्हतं असं नाही, पण एकाच पक्षावर भिस्त ठेवून काय झालं? २०२४ ला रिपब्लिकन पक्षाने जाहीरनाम्यातून देशव्यापी बंदीची जुनी मागणीच काढून टाकली आणि आपल्याकडे दुसरं दारच उरलेलं नव्हतं. भारतात गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१ पासून आहे आणि कुठलाच मोठा पक्ष या मुद्द्यावर निवडणूक लढवत नाही, त्यामुळे तिकडून आलेल्या आपल्यासारख्यांना हे समजायलाच वेळ लागतो.

मोर्चा छान झाला, शाळा-कॉलेजची पोरंच जास्त, आमची मुलं खूश.

आता तक्रार. बाईंचं बोलणं जून २०२२ च्या डॉब्स निकालावर येऊन थांबलं, रो रद्द झालं, टाळ्या झाल्या, आणि परतीच्या बसमध्ये आयोजकांनी सिनेमा लावून दिला. अहो, खरा प्रश्न तर तिथून सुरू होतो ना! दीड महिन्यातच कॅन्ससमध्ये, राज्याच्या घटनेत गर्भपाताचा हक्क नाही अशी दुरुस्ती करायची का, यावर मतदान झालं, तिथल्या चर्चने लाखो डॉलर ओतले तरी साधारण ५९ टक्के लोकांनी विरोधात मत दिलं. पुढच्या वर्षी ओहायोत साधारण ५७ टक्क्यांनी गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेतच गेला. कोर्ट जिंकलो आणि शेजारी हरलो. त्या मतदारांत कॅथलिकही असणारच, त्यांच्याशी कोण बोललं? बिशपांनी २०२० ला वॉकिंग विथ मॉम्स इन नीड सुरू केलंय, अडचणीतल्या आईला पॅरिशनेच घर, डॉक्टर, डायपर मिळवून द्यायचे, माझ्या मते ते काम पुढे असायला हवं आणि बॅलट मागून. पण बसमध्ये त्याचं साधं पत्रकसुद्धा नव्हतं.

५ पैकी ४ स्टार. एक स्टार परतीच्या प्रवासासाठी कापला, तसं आयोजकांना कळवलंय, पुढच्या वेळी सिनेमाऐवजी कॅन्सस आणि ओहायोवर बोला म्हणून. तुम्ही जाणार असाल तर तुम्हीही कळवा, आणि नाव नाताळच्या आधीच द्या, सीट भराभर संपतात.