तीन हजारांत जुना डेस्कटॉप पुन्हा कामाला

लोह्यात माझं टायपिंगचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. तिथला डेस्कटॉप जुना: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-3 प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. चालू व्हायलाच चार मिनिटं. गिऱ्हाईक ताटकळत बसायचं, मला लाज वाटायची. एका दुकानात सांगितलं, "ताई, भंगारात द्या, नवीन घ्या." पण पेरणीच्या दिवसांत तीस हजार आणायचे कुठून?

शेवटी डबा पोत्यात बांधून एसटीनं नांदेडला, वजिराबादेतल्या एका गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या भाऊंकडे नेला. त्यांनी आधी उघडून बघितलं, मगच भाव सांगितला. 240 जीबी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) 1,700, जुनी पण तपासलेली 8 जीबी डीडीआर3 रॅम 900, मजुरी 400. बोर्डावर चार साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा), त्यातले दोनच वेगवान, 6 गिगाबिटचे. एसएसडी त्यातल्याच एकावर लावली, हे मला दाखवून केलं. पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरवरची उष्णता बाहेर नेणारी, वाळलेली पेस्ट बदलली. जुनी डिस्क साठवणीला तशीच ठेवली.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली. इनस्क्रिप्ट मराठी (टायपिंगचा कीबोर्ड) लगेच चाललं. प्रिंटरला मात्र अर्धा तास गेला.

आता वीस-पंचवीस सेकंदांत चालू होतं. रॅमची पावती घ्या, तीन महिन्यांची हमी त्यावरच लिहून देतात. रविवारी भाऊंचं दुकान बंद असतं.