अचूक आकडेमोड की अंदाज? आलेखांवरील प्रश्नांसाठी दोन पद्धतींचा तुलनात्मक आढावा

बँकेची परीक्षा असो, स्टाफ सिलेक्शनची असो, राज्यसेवेचा सीसॅट (पूर्व परीक्षेतला कलचाचणीचा पेपर) असो किंवा कॅट (व्यवस्थापन अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा) असो, तक्ते आणि आलेख यांवरचे प्रश्न सगळीकडे असतात, आणि त्यांची तयारी सुरू करणाऱ्याला अगदी सुरुवातीलाच दोन परस्परविरोधी सल्ले ऐकायला मिळतात. एक सल्ला असा, की प्रत्येक गणित कागदावर पूर्ण सोडवावे, भागाकार शेवटपर्यंत न्यावा आणि उत्तर पर्यायाशी जुळले तरच खूण करावी. दुसरा असा, की परीक्षेत तेवढा वेळ मिळतच नाही, म्हणून आकडे जवळच्या सोप्या संख्येवर आणून अंदाजाने पर्याय निवडावा. ठाण्यात किंवा नवी मुंबईत नोकरी अथवा कॉलेज सांभाळून अभ्यास करणाऱ्याला दोन्ही पद्धतींना सारखा वेळ देणे बहुधा जमत नाही. त्यामुळे आधी कोणती धरावी, हा प्रश्न खरा आहे. बरेच विद्यार्थी तो स्वभावानुसार सोडवतात, म्हणजे गणिताची भीती असलेले अंदाजाकडे वळतात आणि गणित चांगले असलेले आकडेमोडीत रमतात. हे मला योग्य वाटत नाही. परीक्षा कोणती आहे आणि समोरच्या पर्यायांत अंतर किती आहे, यांवर ही निवड ठरायला हवी.

दोन्ही पद्धती एकाच उदाहरणावर लावून पाहणे सर्वांत सोयीचे. त्यासाठी आपल्याच भागातले जनगणनेचे आकडे घेऊ. आकडे लाखांत असून दोन दशांश स्थळांपर्यंत अंदाजे दिले आहेत.

| महापालिका क्षेत्र | 2001 | 2011 |
|---|---|---|
| ठाणे | 12.63 | 18.41 |
| नवी मुंबई | 7.04 | 11.20 |

पहिला प्रश्न असा समजा, की दहा वर्षांत कोणत्या शहराची लोकसंख्या अधिक वेगाने, म्हणजे टक्केवारीत अधिक, वाढली. ठाण्याची वाढ 5.78 लाखांची आहे आणि नवी मुंबईची 4.16 लाखांची, त्यामुळे घाईत वाचणारा ठाण्यावर खूण करून पुढे जातो. टक्केवारी मात्र मूळ आकड्यावर काढायची असते. ठाण्याचे 5.78 हे 12.63 च्या निम्म्याहून कमी आहेत आणि नवी मुंबईचे 4.16 हे 7.04 च्या निम्म्याहून स्पष्टपणे जास्त आहेत. एवढे दिसले की उत्तर मिळाले. येथे भागाकार करणे म्हणजे वेळ वाया घालवणे होय. अशा तुलनेच्या प्रश्नांत अंदाजाची पद्धत निर्विवादपणे सरस ठरते.

आता दुसरा प्रश्न घ्या. नवी मुंबईची वाढ किती टक्के झाली? अंदाजाने जाणारा 4.16 चे 4.2 करील, 7.04 चे 7 करील आणि 60 टक्के हे उत्तर काढील. पर्याय 46, 52, 60 आणि 68 असे असतील, तर तो बरोबर आहे. पण पर्याय 57.8, 59.1, 60.0 आणि 61.4 असे असतील, तर त्याने चुकीच्या पर्यायावर खूण केलेली असेल, कारण अचूक उत्तर 59.1 आहे. चूक कोठून आली, हे येथे थांबून समजून घेण्यासारखे आहे. अंश सुमारे एक टक्का वाढवला आणि छेद अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक कमी केला, म्हणजे दोन्ही बदलांनी उत्तर वरच ढकलले. अंश आणि छेद दोन्ही एकाच दिशेने, जवळपास सारख्या प्रमाणात सरकवले, तर चूक बरीचशी कापली जाते. अंदाज शिकवताना हा नियम क्वचितच सांगितला जातो आणि त्यामुळे पद्धतीलाच दोष दिला जातो.

या दोहोंच्या मधली एक वाट आहे आणि मला ती सर्वांत भरवशाची वाटते. आधी अंदाज करायचा आणि मग त्यात दुरुस्ती करायची. 7.04 चे 60 टक्के 4.224 होतात. आपल्याला 4.16 हवेत, म्हणजे 0.064 जास्त झाले. 7.04 चा एक टक्का 0.0704 असतो, त्यामुळे 0.064 म्हणजे एक टक्क्याला थोडे कमी, साधारण 0.9 टक्का. 60 मधून 0.9 वजा केले की 59.1 मिळतात. लांबलचक भागाकार टळतो आणि जवळजवळच्या पर्यायांतूनही योग्य तो निवडता येतो. सराव झाल्यावर हे बहुतेक तोंडी जमते. मात्र त्यासाठी अपूर्णांकांची टक्केवारी पाठ असली पाहिजे: एक सप्तमांश म्हणजे 14.29, एक अष्टमांश 12.5, एक नवमांश 11.11, एक एकादशांश 9.09 आणि एक द्वादशांश 8.33. ज्याला पाढे येत नाहीत त्याने अंदाजाच्या पद्धतीवर विसंबू नये, कारण आकडा कोणत्या सोप्या संख्येच्या जवळ आहे, हेच त्याला दिसणार नाही.

परीक्षेनुसार पडणारा फरक

आयबीपीएस या बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या प्रोबेशनरी ऑफिसर पदाच्या पूर्व परीक्षेत गणिताच्या विभागाला 35 प्रश्न आणि 20 मिनिटे असतात. एका प्रश्नाला सुमारे 34 सेकंद मिळतात. कॅल्क्युलेटर नसतो, पर्याय पाच असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. एवढ्या वेळात पूर्ण आकडेमोडीने पाच प्रश्नांचा सेट, म्हणजे एकाच आलेखावरचे सगळे प्रश्न, सोडवणे फार थोड्यांना जमते. येथे अंदाज आणि दुरुस्ती यांना पर्याय नाही. शिवाय परीक्षा संगणकावर होते, म्हणजे आलेखावर पेन्सिलीने काही लिहिता येत नाही. पडद्यावरचा आकडा कच्च्या कागदावर उतरवताना दोन अंकांची अदलाबदल होणे ही फार सामान्य चूक आहे, आणि जितकी आकडेमोड अधिक तितके उतरवणे अधिक, हेही पूर्ण आकडेमोडीच्या विरोधात जाते.

सीसॅटची गोष्ट निराळी आहे. केंद्रीय लोकसेवा आयोग असो की राज्य लोकसेवा आयोग, या पेपरात 80 प्रश्न, 200 गुण आणि दोन तास असतात, आणि पात्र होण्यासाठी 33 टक्के, म्हणजे 66 गुण लागतात. प्रत्येक प्रश्नाला अडीच गुण असल्याने एकही उत्तर न चुकता 27 प्रश्न बरोबर आले तरी पेपर निघतो. चुकीच्या उत्तराला केंद्राच्या परीक्षेत एक तृतीयांश आणि राज्याच्या परीक्षेत एक चतुर्थांश गुण कापले जातात. येथे वेगापेक्षा अचूकपणाला किंमत आहे. प्रश्नपुस्तिका हातात असते, आलेखाच्या शेजारीच आकडे मांडता येतात आणि सरासरी दीड मिनिट मिळते. म्हणून केवळ सीसॅट देणाऱ्याने पूर्ण आकडेमोडीची पद्धत धरली तर त्यात काहीही गैर नाही. उलट अंदाजाच्या नादाने पात्रतेच्या पेपरात गुण गमावणे अधिक क्लेशदायक आहे, कारण सामान्य अध्ययनाच्या पेपरात कितीही गुण मिळाले तरी मग त्यांचा उपयोग होत नाही. ठाणे महापालिकेच्या चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत किंवा घरी राहून या परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या, विशेषतः कला शाखेतून आलेल्या मुलामुलींना मी हेच सांगेन, की संथपणे पण पूर्ण सोडवा.

कॅटमध्ये पडद्यावरच कॅल्क्युलेटर दिलेला असतो, त्यामुळे हा वाद तेथे बऱ्याच अंशी संपतो. चाळीस मिनिटांच्या त्या विभागात कस लागतो तो अपुऱ्या माहितीतून रिकाम्या जागा भरण्याचा आणि कोणता सेट सोडून द्यायचा हे ठरवण्याचा. स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर पातळीवरील पहिल्या टप्प्यात तासाभरात 100 प्रश्न असल्याने तेथील गणित बँकेच्या पूर्व परीक्षेसारखेच सोडवावे लागते.

आलेखाच्या प्रकारानुसार पडणारा फरक

तक्त्यात आकडे नेमके दिलेले असतात आणि म्हणूनच तो आकडेमोडीचा मोह घालतो. स्तंभालेख आणि रेषालेख यांत आकडा बऱ्याचदा डोळ्यांनी वाचावा लागतो; जेथे वाचनच अंदाजाचे आहे, तेथे पुढचा भागाकार तीन दशांशांपर्यंत नेण्यात अर्थ नसतो. या दोन प्रकारांत पहिल्यांदा पाहायचा तो उभा अक्ष. तो शून्यापासून सुरू होतो का? अक्ष 460 पासून सुरू होत असेल, तर 500 चा स्तंभ 480 च्या स्तंभाच्या दुप्पट उंच दिसतो, प्रत्यक्षात फरक मात्र 4.17 टक्केच असतो. नजरेने अंदाज करणारा येथे हमखास फसतो आणि आकडे वाचून गणित करणारा वाचतो. रेषालेखातही हेच जपावे लागते: रेषा जितकी खडी तितकी वाढ जास्त हे खरे, पण वाढीची टक्केवारी जास्त असेलच असे नाही, कारण ती मागच्या बिंदूच्या आकड्यावर अवलंबून असते.

वृत्तालेखाकडे मी मुद्दाम अधिक लक्ष वेधतो. दहावीच्या पुस्तकात केंद्रीय कोन काढायला सगळेच शिकलेले असतात, त्यामुळे हा प्रकार सोपा समजला जातो. 360 अंश म्हणजे 100 टक्के, म्हणून 3.6 अंश म्हणजे एक टक्का, आणि 18 अंश म्हणजे 5 टक्के, एवढे ध्यानात ठेवले की एका वृत्तालेखावरचे प्रश्न खरोखर सोपे असतात. अडचण दोन वृत्तालेख शेजारी आले की सुरू होते. समजा ऐरोलीतल्या एका कुटुंबाचा मासिक खर्च एका वर्षी 40,000 रुपये होता आणि त्यात मुलांच्या शिक्षणाचा कोन 90 अंशांचा होता. पुढच्या वर्षी खर्च 50,000 झाला आणि तो कोन 72 अंशांवर आला. पाकळी लहान झालेली पाहून शिक्षणावरचा खर्च घटला, असे बहुतेक जण सांगतात. प्रत्यक्षात 40,000 चा चौथा भाग 10,000 आणि 50,000 चा पाचवा भागही 10,000 असतो. खर्च तेवढाच राहिला, फक्त एकूण खर्चातील त्याचा वाटा 25 वरून 20 टक्क्यांवर आला. शतमान स्तंभालेखातही हीच फसगत होते, कारण तेथे प्रत्येक स्तंभ सारख्याच उंचीचा असतो आणि त्यामागचे एकूण आकडे वेगवेगळे असतात. या प्रकारांत आधी एकूण आकडा वर्तुळाशेजारी लिहून घ्यावा. पद्धत कोणतीही असो, हे पाऊल वगळू नये.

दोन्ही पद्धतींनी न टळणारी चूक

माझ्या पाहण्यात सर्वाधिक गुण जातात ते आकडेमोडीत किंवा अंदाजात नव्हे, तर पाया, म्हणजे ज्याने भागायचे तो आकडा, चुकीचा धरल्यामुळे. वरच्या तक्त्याकडे पुन्हा पाहा. 2011 मध्ये नवी मुंबईची लोकसंख्या ठाण्यापेक्षा किती टक्क्यांनी कमी होती? फरक 7.21 लाखांचा आहे. तुलना ठाण्याशी असल्याने तो 18.41 ने भागायचा, उत्तर 39.2 टक्के. ठाण्याची लोकसंख्या नवी मुंबईपेक्षा किती टक्क्यांनी जास्त होती, असे विचारले तर तोच फरक 11.20 ने भागायचा आणि उत्तर 64.4 टक्के येते. परीक्षक हे दोन्ही आकडे पर्यायांत ठेवतो, कारण चुकणारा कोणत्या वाटेने चुकणार हे त्याला ठाऊक असते. अशा वेळी उत्तर पर्यायाशी तंतोतंत जुळले हा पुरावा ठरत नाही. ‘पेक्षा’ आणि ‘च्या तुलनेत’ हे शब्द ज्याला चिकटले आहेत, तो आकडा छेदात जातो, एवढे पाहूनच पेन उचलावे.

निर्णयाच्या दृष्टीने पाहता, परीक्षेला चार-सहा महिने असतील तर सुरुवात पूर्ण आकडेमोडीने करावी. त्या काळात प्रत्येक सेट घड्याळ न लावता सोडवावा आणि उत्तराबरोबर छेद कोणता धरला तेही लिहावे. हात बसल्यावर अंदाज आणि दुरुस्ती यांकडे वळावे. परीक्षा दोन महिन्यांवर असेल आणि ती बँकेची असेल, तर हा क्रम परवडत नाही. तेव्हा अपूर्णांकांची टक्केवारी पाठ करून थेट वेळ लावून सेट सोडवायला घ्यावेत. ठाणे–वाशी लोकलमध्ये उभ्याने आलेख पाहणे कठीण, पण अपूर्णांक आणि वर्गसंख्या यांची उजळणी मात्र तेवढ्या प्रवासात सहज होते. सेट सोडवायचे ते टेबलाशी बसूनच, आणि संगणकावरच्या परीक्षेसाठी शक्यतो संगणकावर.

एकाच वर्षी बँकेची आणि राज्यसेवेची अशा दोन्ही परीक्षा देणारे विद्यार्थी आपल्याकडे बरेच आहेत. त्यांनी दोन वेगळ्या पद्धती समांतर शिकू नयेत. अंदाज आणि दुरुस्ती हीच पद्धत पक्की करावी. बँकेच्या परीक्षेत पर्याय एकमेकांपासून लांब असतील तर दुरुस्तीचे पाऊल सोडून द्यावे, आणि सीसॅटमध्ये पर्यायांत कितीही अंतर असले तरी ते पाऊल घ्यावे, कारण तेथे त्यासाठी वेळ असतो.