डोक्याला मार लागलेल्या माणसाचा अपघात क्लेम: या वकील मॅडमबद्दल

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली लिहिलं आहे, पण ज्यांच्या घरात डोक्याला मार लागलेला माणूस आहे त्यांनी तो कापलेला स्टार फार मनावर घेऊ नये.

माझे मिस्टर लोअर परळच्या एका छापखान्यात चार रंगांच्या ऑफसेट मशीनवर ऑपरेटर होते. २०२२ च्या पावसाळ्यात सेकंड शिफ्ट करून येताना कांजूरला एलबीएस रोड ओलांडत होते, तेव्हा पाण्याच्या टँकरने उडवलं. हातपाय शाबूत, एक हाड मोडलं नाही. मोडलं ते आत. मेंदूच्या पुढच्या भागात रक्तस्राव, रात्रीच ऑपरेशन, कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवला. असं ठेवतात हे मला तोवर माहीत नव्हतं. हॉस्पिटलच्या पहिल्या केस पेपरवर ‘जीसीएस ७’ असं लिहिलं होतं. हा शुद्धीचा स्कोअर ३ ते १५ असा मोजतात, ८ आणि त्याखाली म्हणजे गंभीर. मॅडमनी पहिल्या भेटीत माझी कहाणी ऐकण्याआधी हा कागद मागितला. बिलांची फाईल मी पुढे केली तर म्हणाल्या, “बिलं नंतर, ताई. आधी एमएलसी आणि अॅडमिशनचा पेपर.” एमएलसी म्हणजे पोलीस केस म्हणून हॉस्पिटलने केलेली नोंद.

त्यांच्याकडे येण्याआधी दुसऱ्याच लोकांशी गाठ पडली होती. हे आयसीयूत असतानाच एक गृहस्थ वॉर्डाबाहेर बसलेल्या माझ्या दिरापाशी येऊन बसले. क्लेम करून देतो, एक रुपया आधी नको, मिळेल त्यातले तीस टक्के. दीर जवळजवळ सही करत होते. पैसे आधी द्यायचे नाहीत म्हटल्यावर त्या दिवसांत कोणीही करेल. मी पतपेढीत वसुलीला आहे, टक्केवारी ऐकली की माझे कान आपोआप टवकारतात, म्हणून कागद घरी न्यायला मागितला तर गृहस्थांना घाई झाली. नंतर मॅडमकडून कळलं की बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवताच येत नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटा मागता येत नाही. त्यांनी स्वतः ठराविक फी सांगितली, हप्ते पाडून दिले आणि प्रत्येक हप्त्याची पावती दिली. फी कमी नाही. पण किती आणि कधी, हे पहिल्याच दिवशी कागदावर होतं.

अजून एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली, जी सांगण्यात त्यांचं नुकसानच होतं. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात स्त्रिया आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. “परवडत नसेल तर तिकडे अर्ज करा, मी वाईट वाटून घेणार नाही.” आम्ही त्यांच्याकडेच थांबलो, पण ज्यांची खरंच ऐपत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जरूर विचारावं.

आता मुख्य मुद्दा. पाय गेलेल्या माणसाचा क्लेम कोर्टाला दिसतो. आमच्या घरातलं नुकसान दिसत नाही. हे चालतात, बोलतात, स्वतःच्या हाताने जेवतात, सकाळी देवपूजा करतात. गणपतीला आलेले पाहुणे म्हणाले, “अरे, हे तर ठणठणीत!” पाहुण्यांना काय, ते दीड तास बसले. तेवढ्या वेळात हे छान हसतात. मग पाहुणे गेल्यावर चहा द्यायचा राहिला म्हणून चिडून कपबशी भिंतीवर. पंधरा वर्षांत आवाज न चढवलेला माणूस. एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात. दूध तापत ठेवून खाली पेपर आणायला जातात आणि बिल्डिंगखाली गप्पा मारत उभे राहतात. भाजीवाल्याला पाचशेची नोट देऊन सुट्टे न घेता येतात. एकामागून एक चार कामं करायची तर दुसऱ्यावरच गाडी अडते.

हे कोर्टात कसं न्यायचं? इथे या बाईंचं काम सुरू झालं आणि माझे पैसे इथेच वसूल झाले.

पहिलं म्हणजे त्यांनी मला वही करायला लावली. रोज दोन ओळी, तारीख टाकून, ‘आज वाईट वाटलं’ असलं काही नाही, घडलं तेवढंच. दुसरं, न्यूरोसायकॉलॉजिकल चाचण्या. न्यूरोसर्जन टाके बघतात आणि स्कॅन बघतात, पण स्मरणशक्ती, लक्ष, कामाचा क्रम लावणं, राग आवरणं हे मोजणारे वेगळे. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेने आपल्याकडच्या लोकांसाठी तयार केलेल्या चाचण्या असतात, दोन दिवस बसवून घेतल्या. रिपोर्टात आकडे आले. वहीतल्या ओळी आणि रिपोर्टातले आकडे एकमेकांना लागून बसले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण खोटं बोलत नाही आहोत. हे विचित्र वाटेल, पण सगळे ‘ठणठणीत’ म्हणत असले की घरच्या माणसालाच स्वतःवर शंका येते.

तिसरा आणि सगळ्यात भारी म्हणजे साक्षीदार. मॅडमनी छापखान्याच्या फोरमनना बोलावलं. मालकाचा पगाराचा दाखला पुरेल असं मला वाटत होतं. फोरमन कोर्टात बिचकत उभे राहिले आणि त्यांनी जे सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं. वर्षभराने यांना कामावर घेऊन बघितलं होतं. यांनी मॅजेंटा म्हणजे गुलाबी रंगाची प्लेट सायन म्हणजे निळ्या रंगाच्या युनिटवर चढवली, चूक दाखवल्यावर पुन्हा तिथेच चढवली, ढीगभर शीट रद्दीत गेल्या. शेवटी समजावणाऱ्या हेल्परवर पाना उगारला. फोरमन म्हणाले, “साहेब, हा माणूस रंग अजून माझ्यापेक्षा चांगला ओळखतो. पण मशीनवर नाही उभा करू शकत.” इन्शुरन्स कंपनीच्या वकिलांनी त्यांना फार काही विचारलं नाही.

मला मात्र विचारलं. उलटतपासणीत प्रश्न असे: चालतात का? हो. बोलतात का? हो. स्वतः आंघोळ करतात का? हो. मग अपंगत्व कसलं? मॅडमनी आदल्या संध्याकाळी बजावलं होतं, “हो असेल तिथे हो म्हणा. ओढूनताणून आजारी दाखवायचं नाही, तिथेच केस पडते.” मी तेच केलं. मग त्यांनी वहीतली पानं पुढे ठेवली.

सरकारी हॉस्पिटलच्या बोर्डाने अपंगत्वाचा दाखला दिला तो ४५ टक्क्यांचा. मी खचले होते. मॅडमनी तेव्हा समजावलं की दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हेच सांगितलं आहे: शरीराचं अपंगत्व किती यापेक्षा त्या माणसाच्या कामावर त्याचा परिणाम किती, हे बघायचं. मशीन ऑपरेटरला क्रम लावता येत नसेल तर त्याच्या कामापुरतं नुकसान ४५ कसं?

हिशोब मी इथे देते, कारण आम्हाला कोणी समजावून दिला नव्हता तेव्हा सगळं अंधारात वाटायचं. अपघाताच्या वेळी यांचं वय ४३, पगार २८,००० रुपये. सरला वर्मा या २००९ च्या निकालातल्या तक्त्यात ४१ ते ४५ वयाला गुणक, म्हणजे वर्षाची कमाई किती पट धरायची तो आकडा, १४. प्रणय सेठी या २०१७ च्या निकालाप्रमाणे ठराविक पगाराच्या चाळीस ते पन्नास वयाच्या माणसाला पुढच्या वाढीसाठी २५ टक्के. म्हणजे महिना ३५,०००, वर्षाला ४,२०,०००, गुणिले १४ म्हणजे ५८,८०,०००. जखमीच्या केसमध्ये मृत्यूच्या केससारखी स्वखर्चाची वजावट होत नाही. आता ४५ टक्के धरले तर २६,४६,०००. ट्रायब्युनलने, म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या कोर्टाने, ८० टक्के धरले, म्हणजे ४७,०४,०००. वही, चाचण्या आणि फोरमन यांनी मिळून हा फरक पडला. मॅडमनी शंभर मागितले होते, ते दिले नाहीत.

शिवाय सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च. दुपारी मी ऑफिसात असताना एक मावशी येतात. त्यांचा पगार फक्त आजवरचा धरायचा की पुढचाही? काजल विरुद्ध जगदीश चंद या २०२० च्या निकालात अपघातात मेंदूला इजा झालेल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी सुप्रीम कोर्टाने मदतनिसाचा खर्चही गुणक लावून दिला होता, तो दाखला मॅडमनी लावला आणि मान्य झाला. रक्कम आम्ही मागितली त्याहून कमी, पण मिळाली. कंपनीने आमच्या पतपेढीच्या ग्रुप मेडिक्लेममधून आलेले पैसे वजा करायला लावायचा प्रयत्न केला, तेव्हा २०२५ च्या मार्चमधला मुंबई हायकोर्टाच्या पूर्ण पीठाचा निकाल कामी आला: मेडिक्लेम वजा होत नाही. प्रीमियम आपण भरतो, मग वजावट कंपनीला का!

आता कापलेला स्टार. फोन उचलत नाहीत. व्हॉट्सअॅपवर ‘तारीख पडली’ एवढंच, पुढची कोणती आणि का पडली ते दुसऱ्या दिवशी ज्युनिअर सांगतो, तेही विचारलं तर. ज्युनिअर मुलगा हुशार आहे पण एका तारखेला बोर्डावर आमचा नंबर आला तेव्हा हा दुसऱ्या कोर्टात होता. आणि माझं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत होतं. मला वाचता येतं, पण माझ्या सासूबाईंचंही होतं, ते त्यांना घाईघाईत मराठीत सांगून अंगठा घेतला जाणार होता. मी थांबवलं आणि शांतपणे वाचून घ्यायला लावलं. मॅडमनी लगेच माफी मागितली, पण आधी लक्षात यायला हवं होतं. डोक्याच्या इजेच्या केसमध्ये घरच्यांची साक्ष हाच अर्धा पुरावा, हे त्यांनीच मला शिकवलं होतं ना.

लोकअदालतीत कंपनीने तडजोडीला अठरा लाख सांगितले. मॅडमनी घ्या किंवा नका म्हटलं नाही. एवढंच सांगितलं की लोकअदालतीचा निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही, आणि तेव्हा चाचण्यांचा रिपोर्ट यायचा होता. दीर म्हणाले हातात आलेले सोडू नये. मी रिपोर्टाची वाट बघायची ठरवली.

ज्यांचा अपघात ताजा आहे त्यांच्यासाठी: १ एप्रिल २०२२ पासून क्लेम दाखल करायला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीवर सुप्रीम कोर्टात वाद चालू आहे, पण त्या भरवशावर घरी बसू नका. त्याच तारखेपासूनच्या नियमांत पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल ट्रायब्युनलला द्यायचा असतो. आमच्या वेळी पोलीस स्टेशनला हे फॉर्म कोणाला सापडतच नव्हते, मॅडमनी लेखी अर्ज देऊन ते मागवून घेतले. एफआयआर, पंचनामा, टँकरचा आरटीओ तपासणीचा कागद, ड्रायव्हरचं लायसन्स, इन्शुरन्स पॉलिसीचा नंबर, हे सगळं तिथून यायला लागतं. डिस्चार्ज झाल्यावर स्कॅनच्या फिल्म हॉस्पिटलात सोडून येऊ नका, त्या मागून घ्या.

२०२५ च्या दिवाळीआधी निकाल लागला, अर्ज केल्यापासून साडेसात टक्के व्याजासह. मोठा भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा हुकूम आहे, व्याज महिन्याला खात्यात. दिरांना ते आवडलं नाही, मला आवडलं. पाचशेची नोट देऊन सुट्टे न घेणाऱ्या माणसाच्या नावावर एवढी रक्कम मोकळी ठेवायची कल्पनाही नको.

कंपनी आता हायकोर्टात गेली आहे. अपील दाखल करायला त्यांना कायद्याने २५,००० रुपयेच भरावे लागतात, पण अंमलबजावणीला स्थगिती हवी असेल तर कोर्ट बहुतेक वेळा रक्कम जमा करायला लावतं, आणि त्यातली काही काढायला मिळावी म्हणून आमचा अर्ज तयार होतोय. अपिलाची फी वेगळी. ती रक्कम पहिल्या दिवशीच्या त्याच कागदावर शेवटच्या ओळीत लिहिलेली होती आणि त्यात आजही बदल नाही. गेल्या आठवड्यात नव्या वकालतनाम्यावर सह्या करून आलो.