‘मायग्रंट्स’: आठ मिनिटांत माय आणि तिचं पिल्लू

मी लोकरीची खेळणी विणते. क्रोशाची सुई हातात धरून अठरा वर्षं झाली. त्यामुळे ‘मायग्रंट्स’ हा लघुपट सुरू झाला तशी माझी नजर आधी टाक्यांवर गेली. पांढरी अस्वलीण आणि तिचं पिल्लू, दोघंही कापूस भरून शिवल्यासारखी. पोरांनी महिनाभर कुशीत घेतलेल्या खेळण्यावर जशी भुरभुर उठते, तशी त्यांच्या अंगावर. लेकीला विचारलं, “कुणी विणलंय गं हे?” ती पुण्यात ॲनिमेशन शिकते. म्हणाली, “कुणीच नाही आई, सगळं कॉम्प्युटरवर केलंय.” मला ते लवकर पटेना. हालचालसुद्धा किंचित अडखळती ठेवली आहे, बाहुली हाताने सरकवून एकेक फोटो काढल्यासारखी.

उत्तर फ्रान्समधल्या रूबे शहरातल्या ‘पोल थ्री-डी’ संस्थेच्या पाच विद्यार्थ्यांनी २०२० साली हा लघुपट केला. लांबी आठेक मिनिटं. संवाद नाहीत, म्हणून माझ्या सासूबाईंनाही, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, सोबत बसवता आलं.

गोष्ट साधी आहे. बर्फ फुटतो, माय-लेकरू घराला मुकतं आणि वाहत वाहत तपकिरी अस्वलांच्या मुलखात येऊन पोचतं. तिथं सामावून घ्यावं म्हणून त्यांची धडपड चालते. ध्रुवीय अस्वलाला बर्फ म्हणजे नुसती बसायची जागा नव्हे. सील श्वास घ्यायला जिथं वर येतं, तिथं ते दबा धरून बसतं. बर्फ नसेल तर शिकार नाही. पिल्लू साधारण अडीच वर्षं आईच्या मागे राहून हे शिकतं. १९७३ साली पाच देशांनी ओस्लोत या अस्वलांच्या रक्षणाचा करार केला, त्यामुळे बेसुमार शिकारीला आळा बसला. पण वितळणाऱ्या बर्फापुढे बंदुकीवरची बंदी काय करणार? चित्रपट यातलं काहीच बोलून सांगत नाही. पायाखालचा बर्फ निघून जाताना पिल्लू आईला बिलगतं, तेवढ्यात सगळं कळतं.

आत्या इथं मोठ्याने म्हणाल्या, “आता ह्यास्नी कोण थारा द्यायचा?”

त्यांचं माहेर आणि सासर, दोन्ही चांदोलीच्या जंगलातलं. १९८५ साली तिथं अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान. गाव उठलं, आम्ही खाली आलो. जंगल राखलं गेलं याचा मला आनंदच आहे. आज तिथं गवे आहेत, अस्वलं आहेत, आणि ती तिथंच असायला हवीत. पण घर सोडून दुसऱ्याच्या शिवारात उभं राहणं काय असतं, हे आत्यांच्या तोंडून मी शंभरदा ऐकलंय. पहिली दोन वर्षं पाणवठ्यावर त्यांची घागर शेवटी भरायची.

म्हणूनच चित्रपटात मला एक उणीव जाणवली. तपकिरी अस्वलांची बाजू पुरती कळत नाही. त्यांनाही पिल्लं आहेत, त्यांनाही खायला लागतं. आमच्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, ती माणसं वाईट नव्हती, घाबरलेली होती. तपकिरी अस्वलांची ती भीती दाखवायला आणखी एखादं मिनिट दिलं असतं, तर गोष्ट जास्त खरी झाली असती. पिल्लं मात्र पिल्लांशी खेळतात, रंग बघत नाहीत. ते प्रसंग इतके मोकळे आहेत की परत परत बघावेत.

शेवट सांगत नाही, पण तो जड आहे. सहा-सात वर्षांच्या आतल्या पोरांना एकट्याने बघायला देऊ नका. शेजारी बसा, मांडीवर घ्या. हातात धरावंसं वाटणारं मऊ खेळणं समोर असतं, त्यामुळे त्याचं दुःख फार आत जातं. मला वाटतं, या पाच जणांनी लोकरीचं रूप त्यासाठीच निवडलं असावं. मोठ्यांनी तर जरूर बघावा. पडदा जितका मोठा मिळेल तितका चांगला, फोनवर लोकरीचे धागे दिसत नाहीत.

त्या रात्रीच मी पांढरी लोकर काढली. आठवड्याभरात एक मोठं अस्वल आणि एक छोटं तयार झालं. आत्यांनी दोन्ही हातात घेऊन बघितली, छोट्याचा सैल झालेला टाका बोटाने दाबला आणि म्हणाल्या, “इकशील तवा दोघं एकाच घरात दे.”