योगनिद्रा की सीबीटी-आय?
झोपेची गोळी नको, पण रात्री दोनलाही डोळे टक्क उघडे. मग दोन वाटा. योगनिद्रा सोपी: चटईवर उताणं पडायचं, कानात सूचना, उजव्या अंगठ्यापासून एकेका अवयवावर लक्ष. (डाव्या हाताची पाळी येईपर्यंत मी घोरत असतो, तीनला पुन्हा जागा.) मन निवतं, पण बिघडलेलं वेळापत्रक तसंच राहतं.

सीबीटी-आय म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धत. ही कडू: वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर अंथरूण सोडा, दुपारची डुलकी बंद, रविवारीही उठायची वेळ तीच. सुरुवातीला डोळे चुरचुरतात. तरी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून हिचीच शिफारस केली. त्रास महिनोन्महिने असेल तर माझंही मत हिलाच. परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरती योगनिद्रा पुरे.